पाटल्या परत डब्यात गेल्या, त्याचं काय?

आक्का, नमस्कार.

मी २६ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. एम.एस्सी. करून एका खासगी लॅबमध्ये माती-पाणी तपासायचं काम करते. अण्णांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. चार वर्षांपासून माझं एका मुलावर प्रेम आहे. तो गोकुळ शिरगावला फौंड्रीत इंजिनिअर आहे. जात वेगळी. आमचा दोघांचा आवडता सिनेमा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'. किती वेळा बघितला ते मोजलेलं नाही. पळून जायचं नाही, अण्णांनीच माझा हात त्याच्या हातात द्यायचा, हे त्यानं पहिल्यापासून ठरवलंय. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या भावाचा मित्र म्हणून घरी यायला लागला. आता सुट्टीचा दिवस अण्णांच्या गाळ्यावरच काढतो. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, करतो, हिशेब कॉम्प्युटरवर घालून दिला, हमाल कमी पडले तर गुळाचे रवे, म्हणजे ढेपाही उचलतो. अण्णा त्याला 'माझा उजवा हात' म्हणतात.

गेल्या महिन्यात मला सांगलीचं स्थळ आलं. मुलाची चौकशी करायला अण्णांनी कुणाला पाठवलं असेल? यालाच. आणि हा गेला! गाडीवरून जाऊन आला आणि 'पोरगं बरं आहे, पण घर लहान आहे' असं सांगून मोकळा झाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आईला सगळं ठाऊक आहे. परवा रात्री तिनं आम्हाला गच्चीवर बोलावलं आणि स्वतःच्या दोन पाटल्या माझ्या हातात ठेवल्या. म्हणाली, 'रजिस्टर करून घ्या. तुझ्या अण्णांचं मी बघतो.' त्यानं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि आईच्या पायाशी ठेवल्या. 'काकू, असं चोरून नको.' आई काही बोलली नाही. पाटल्या पदरात गुंडाळून जिना उतरून गेली.

आता त्याचं म्हणणं असं, की अण्णांच्या साठीला घरच्यांनी मिळून हा सिनेमा बघायचा. शेवटी अण्णांच्या डोळ्यांत पाणी येणारच, तेव्हाच सांगून टाकायचं. साठी दिवाळीच्या आधी आहे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. आणि खरं सांगू? गच्चीवरच्या त्या रात्रीनंतर तो सिनेमाच बघवेना. चूक सिनेमाची का माझी?

– सिमरन नव्हे, राजारामपुरी

बाई गं, आधी साठीचं बोलू, ते तारखेचं काम आहे. अण्णांना सिनेमा दाखवून त्याच्या आडून काही सांगायचं नाही. सिनेमा लावा, भडंग खा, सगळ्यांनी मिळून रडा, पण तुझं लग्न त्यात आणू नका. का, ते माझ्याच घरातल्या गोष्टीवरून सांगते.

हा सिनेमा आला १९९५ च्या ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला. मी तेव्हा २८ वर्षांची, मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. तुळशीचं लग्न उरकल्यावर आमचं अख्खं घर बघायला गेलं, नऊ माणसं. तिकिटं ब्लॅकनं घ्यावी लागली, ते दीर चार दिवस ऐकवत होते. माझे सासरे, मामंजी, तालमीतले. खासबागेत कुस्ती बघतानाचा वेळ सोडला तर त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हललेली मी कधी बघितली नव्हती. शेवटी स्टेशनवर अमरीश पुरी पोरीचं मनगट धरून उभा राहतो, गाडी सुटलेली असते, पोरगी 'सोडा' म्हणून रडत असते, आणि तो एकदम हात सोडतो. मी सहज शेजारी बघितलं, तर मामंजींनी खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरलेला. खांदे हलत होते. पलीकडं माझी नणंद बसली होती, तिनंही ते बघितलं.

तिचं कॉलेजातल्या एका मुलाशी जमलं होतं. आठ दिवसांनी तिनं धीर करून वडिलांना सांगितलं. मामंजी म्हणाले, 'पाय मोडून घरात बसवीन.' पुढच्या वैशाखात तिला कागलकडच्या घरात दिली. तिचं बरं चाललंय, नातवंडं आहेत. पण विषय निघाला की अजून म्हणते, 'वहिनी, मी त्या टॉवेलाला फसलो.'

मामंजी खोटं रडत नव्हते गं. मला कितीतरी वर्षांनी कळलं, ते रडत होते बापासाठी. तीन तासांहून मोठा सिनेमा, त्यात पोरगी झुरते, पोरगा मार खातो, आई रडते, आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळी गोष्ट उचलून बापाच्या हातात दिली जाते. तो मनगट धरतो तेव्हाही तोच मोठा, सोडतो तेव्हाही तोच मोठा. असा शेवट कुठल्या बापाला आवडणार नाही? आपण किती मोठ्या मनाचे होऊ शकलो असतो, हे बघून माणसाला भरून येतं. मग तो घरी येतो, पाय धुतो, जेवतो आणि सांगलीच्या मुलाची पत्रिका मागतो. घरात त्यानं कुणाचं मनगट धरलंय, असं त्याला वाटतच नसतं.

मुंबई सेंट्रल स्टेशनसमोरच्या मराठा मंदिरात १२ डिसेंबर २०१४ ला या सिनेमाचे १००० आठवडे भरले. तिथं परत परत जाणाऱ्यांना बाप हात सोडणार हे पाठ असतं. तो सोडतो का नाही हे बघायला ते जातच नाहीत, सोडताना बघायला जातात. तुझ्या घरात हा खेळ एकदाच होणार आहे आणि शेवट कुणाला पाठ नाही.

तुझं पत्र आल्यावर मी सिनेमा पुन्हा बघितला. एका बैठकीत नाही, आता गुडघे तेवढं बसू देत नाहीत. तू विचारलंस चूक कुणाची, म्हणून वहीत टिपणं काढायला बसले होते. पहिला अर्धा तास वही उघडीच राहिली, लिहिलं काहीच नाही. काजोल पावसात नाचायला लागली आणि मी पोळ्यांची कणीक तशीच ठेवून बघत बसले. त्या गाण्यात काय आहे, सांग बरं? एक पोरगी, पाऊस, आणि अजून न भेटलेल्या कुणाचं तरी स्वप्न. आवाज लताबाईंचा. काजोल तेव्हा २१ ची, लताबाई ६६ च्या. कुठं खोटं वाटतंय का बघ.

(कोल्हापूरचं नातं लावायचंच झालं तर इथंही लागतं, आणि आपण ते लावतोच. मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करायला लताबाई पोरवयात इथं राहिलेल्या, पुढं जयप्रभा स्टुडिओची मालकीही त्यांच्याकडं आली. काजोलची आजी शोभना समर्थ पहिल्यांदा पडद्यावर आली ती १९३५ साली, कोल्हापूर सिनेटोनच्या सिनेमात. असो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक असणाऱ्या गावात एवढं चालायचंच.)

मला सगळ्यात आवडते ती दुसऱ्या भागाची सुरुवात. पंजाबातलं ते घर, बापानं ठरवलेल्या मुलाशी तिच्या लग्नाची गडबड, आणि पोरगी गप्प. कुणाशीच बोलत नाही, बोलणार तरी काय? मग लांबून मेंडोलिन ऐकू येतं, युरोपात तिनं हाताळलेली गाईच्या गळ्यातली घंटा वाजते, आणि ती अनवाणी असल्यासारखी मोहरीच्या शेतातून पळत सुटते. माझ्या अंगावर अजून काटा येतो. तिथं संवाद लिहिले असते तर पाच मिनिटांत फुकट गेले असते. आपल्या आज्या जात्यावर बसून ओवीत जे बोलायच्या ते सासूच्या तोंडावर कधी बोलल्या का? सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊ न्यायला आला नाही त्याचा राग, सगळं दळणाबरोबर बाहेर पडायचं. ऐकणाऱ्याला कळायचं, पण कुणी उत्तर मागायचं नाही. हिंदी सिनेमातलं गाणं मला तसलंच वाटतं. आनंद बक्षींचे शब्द आणि जतिन-ललितच्या चाली यांनी त्या पोरीचं जेवढं बोलून टाकलंय, तेवढं तिला तोंडानं सबंध सिनेमात बोलता आलेलं नाही.

हीच त्याची मोहिनी आणि हाच त्याचा घोळ. सिमरन, म्हणजे काजोल, वडिलांकडं तोंडानं काय मागते, आठव. पहाटे उठून, पूजा करून, वडिलांचा मूड बघून ती एक महिना मागते. मैत्रिणींबरोबर युरोप बघायला. तेवढंच. तिचं प्रेम आहे हे त्यांना तिच्याकडून कळतच नाही. ती आईला सांगत असते, ते त्यांच्या कानावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर भारतात. पुढं राजबद्दल, म्हणजे शाहरुख खानबद्दल, कळतं ते एका फोटोवरून. म्हणजे दोन्ही वेळेला बापाला कळलं, पण कुणी सांगितलं नाही. तुमचाही एखादा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलच. पन्हाळ्याचा, नाहीतर रंकाळ्याचा. गावात काय लपतंय?

वहीत पहिलं टिपण पडलं ते रेल्वेतल्या प्रसंगाला. तिची अंतर्वस्त्रं हातात धरून तो चिडवतो. पुढं तर ती दारूच्या नशेत झोपली होती त्या रात्री आपल्यात सगळं झालं, असं तो तिला सकाळी सांगतो, ती हंबरडा फोडते, तेव्हा म्हणतो गंमत केली, मी असला नाही. मी तिथं सिनेमा थांबवला आणि गॅसवर दूध होतं ते बघायला उठले. १९९५ ला त्या रेल्वेच्या डब्यावर अख्खं थिएटर हसलं होतं. मीही हसले होते, खोटं कशाला सांगू. आज माझ्या नातीशी कुणी असली गंमत केली तर मी चप्पल काढीन. पोरगीला आधी रडवायचं आणि मग 'बघ, मी किती सभ्य' म्हणून तिच्याकडूनच शाबासकी घ्यायची, ही खोड त्या हिरोला आहे.

आणि ती प्रीती. नवऱ्यामुलाची बहीण, मंदिरा बेदी. त्या घरात राहता यावं म्हणून राज तिच्याशी गोडगोड बोलतो, तिला वाटतं आपलं जमतंय. शेवटी गाडी सुटते आणि प्रीतीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. मी तरी तीस वर्षांत विचारलं नव्हतं. तुझं पत्र वाचताना विचारलं, कारण तुझ्या पत्रातही एक प्रीती आहे. सांगलीचा तो मुलगा. त्याच्या घरी पाहुण्यासारखा चहा पिऊन आलेला माणूस कोण होता, हे त्याला माहीत नाही. त्याच्या घरच्यांनी तारखा बघायला सुरुवात केली असेल. त्याचं घर लहान असो नाहीतर वाडा असो, त्याला आजच्या आज 'नाही' कळायला पाहिजे, आणि ते तुझ्याकडून. फोन नंबर बायोडेटावर आहेच. कारण सांगायची गरज नाही, 'माझी तयारी नाही' एवढं पुरे.

आता गच्चीकडं येते, कारण तुझं दुखणं तिथं आहे.

सिनेमातली आई, फरीदा जलाल, दागिन्यांचा डबा घेऊन येते आणि पोरीला म्हणते, जा, निघून जा याच्याबरोबर. त्याआधी तिचं एक मोठं बोलणं आहे. मुलगी म्हणून, बहीण म्हणून, बायको म्हणून ती आयुष्यभर आपलं सोडत आली, आणि पोरगी झाली तेव्हा ठरवलं होतं की हिच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. असलं बोलणारी आई मला हिंदी सिनेमात फार भेटलेली नाही. आणि मग राज काय करतो? डबा परत देतो. पळून नेणार नाही, बाऊजींनी दिली तरच नेणार. थिएटरात टाळ्या पडल्या. मलाही तेव्हा वाटलं, काय पोरगा आहे!

परवा मी त्या आईकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा एका बाईनं नवऱ्याला न विचारता काहीतरी ठरवलं, आणि समोरचा चोविशीतला पोरगा तिला रस्ता कुठला बरोबर, कुठला चूक ते सांगतोय. स्वतः मात्र त्याच घरात खोट्या नावाखाली नाही, पण खोट्या कारणाखाली राहतोय, नवऱ्यामुलाचा मित्र होऊन. यातलं चोरून कुठलं? आईचं का त्याचं? सिनेमानं त्याला संस्कारी ठरवलं आणि आईचा डबा बंद करून टाकला. तो पुन्हा उघडत नाही.

आदित्य चोप्रानं हा पहिला सिनेमा केला तेव्हा तोही २४ वर्षांचा होता. चांगल्या घरातल्या चांगल्या पोराला त्या वयात असंच वाटतं, की आपण नीट वागलो की मोठी माणसं आपोआप नीट वागतात. तुझ्या मित्रालाही तसंच वाटतंय. पोरगा वाईट नाही. ३० किलोचा रवा पाठीवर घेणारा इंजिनिअर जावई मिळायला नशीब लागतं. पण गच्चीवर त्यानं तुझ्या हातातून पाटल्या घेतल्या. हातात तुझ्या होत्या ना? 'तुझं काय म्हणणं आहे' असं त्यानं विचारलं का? तुझ्या पत्रात तरी नाही. एक बाजू अण्णांची, एक बाजू त्याची, आणि मधल्या मधे तुझी बदली चाललीय. तुला जे पटत नाही पण सांगता येत नाही, ते हेच असावं असा माझा अंदाज आहे. गच्चीवर तू सिनेमातला तो प्रसंग पहिल्यांदा आईच्या बाजूनं बघितलास. मग कसा बघवेल?

तुझी आई 'बघतो' म्हणाली, 'बघते' नव्हे. आपण कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतो, पुण्या-मुंबईची माणसं हसतात. हसू देत. पण ते 'बघतो' तुझ्या आईनं नुसतं सवयीनं म्हटलं असं मला वाटत नाही. तिला अण्णा कसे वागतील ते तुमच्या दोघांपेक्षा जास्त कळतं. पस्तीस वर्षं तो माणूस कधी रागावतो आणि कधी विरघळतो, हे तिनं बघितलंय. तिला नुसतं आशीर्वाद द्यायला बसवू नका.

उद्या उठून रजिस्टर करा असंही मी म्हणत नाही. आणि ते उद्या होतही नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीतल्या फलकावर लागते, ३० दिवस थांबावं लागतं, मग तीन साक्षीदार. त्या ३० दिवसांत ती नोटीस यार्डातल्या कुणाच्या तरी पाहुण्यानं वाचली नाही तर मी नाव बदलीन. अण्णांना तिसऱ्याकडून कळणार, म्हणजे परत फोटोसारखंच. शंभर वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी याच संस्थानात आंतरजातीय लग्नाला कायदा करून दिला. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि घरी येऊन पत्रिकेत पोटजात बघतो, पण ते गाऱ्हाणं आज नको.

अण्णांना तू सांग. तू स्वतः. आई शेजारी असू दे, तो नको, भाऊ असला तर गप्प बसायच्या अटीवर. साठीच्या आधी सांग. नाहीतर केक कापताना घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्याला एकट्याला नव्हतं, हे त्या माणसाला जन्मभर लागेल. सौद्याहून दमून आल्या आल्या नको, रात्री जेवणं झाल्यावर.

आणि एक ओळखून ठेव. जातीवरून ते काय बोलतील त्याची तयारी तू चार वर्षं करते आहेस. पण अण्णा अडत्ये आहेत. शेतकरी गूळ घेऊन येतो तो त्यांच्या काट्यावर विश्वास ठेवून. दोन वर्षं जो पोरगा आपला म्हणून गाळ्यावर बसवला, पट्ट्या ज्याच्या हातात दिल्या, जावई शोधायला ज्याला पाठवला, त्याच्या मनात वेगळंच होतं हे कळल्यावर त्यांना काय वाटेल? काट्यात खोट निघाली असं वाटेल. जातीपेक्षा ते जास्त झोंबेल, आणि तिथं त्यांची काही चूक नसेल. त्यामुळं पोराचे गुण सांगायला सुरुवात करू नकोस. आधी माफी माग. 'अण्णा, हा गाळ्यावर आला तो माझ्यामुळं आला. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, आम्ही सांगितलं नाही, ती आमची चूक. पण लग्न मला त्याच्याशीच करायचंय.' एवढी तीन वाक्यं. मग गप्प बसायचं. ते उठून जातील, कदाचित दोन दिवस जेवणार नाहीत. बापाला राग यायचा हक्क आहे, आणि तो राग एका रात्रीत उतरायला आपल्याकडं तीन तासांचा सिनेमा नाही.

ते हात उगारतील, कोंडून घालतील अशी भीती असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव. आधी आईशी बोल, मैत्रिणीच्या घरी राहायची सोय बघून ठेव, आणि महिलांच्या मदतीचा १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये घालून ठेव. तुझ्या पत्रावरून अण्णा तसे वाटत नाहीत, पण मामंजीही मला वाटले नव्हते.

तू सांगेपर्यंत त्यानं गाळ्यावर जायचं बंद करायचं. काहीतरी कारण सांगू दे. पाडव्याच्या मुहूर्ताचे सौदे तोंडावर आलेत, अण्णांना अडचण होईल, मला माहीत आहे. होऊ दे. नंतर त्यांनीच बोलावलं तर जावई म्हणून जाईल, नाहीतर निदान स्वतःच्या नावानं जाईल.

आणि त्याला एक प्रश्न विचार. सिनेमात लोक एक गोष्ट विसरतात. राज शेवटी सिमरनचा हात तिच्या वडिलांच्या हातात देऊन निघून गेलेला असतो. स्टेशनवर जाऊन बसलेला असतो. बापानं हात सोडला नसता तर तो त्या गाडीनं गेला असता आणि ती त्या ठरवलेल्या नवऱ्यामुलाशी, कुलजीतशी लग्नाला उभी राहिली असती. म्हणजे सगळं तिच्या बापाच्या एका मुठीवर. तर त्याला विचार, 'अण्णा कधीच हो म्हणाले नाहीत, तर तू काय करशील?' फोनवर नको, समोर बसून. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर लागू दे, पण साठीच्या आधी उत्तर पाहिजे. 'तसं होणारच नाही' हे उत्तर धरायचं नाही. तो म्हणाला की 'मग आपण दोघं ठरवू', तर तुझ्या हातात काहीतरी आलं. तो स्टेशनवर जाऊन बसणारा निघाला, तर तेही अण्णांच्या साठीआधी कळलेलं बरं.

सिनेमा टाकून देऊ नकोस. काही महिने बघू नकोस, एवढंच. मी तीस वर्षं बघतेय, मला त्यातला हिरो दर पाच वर्षांनी थोडा कमी आवडतो आणि आई थोडी जास्त. गाणी आहेत तिथंच आहेत. परवा मोहरीचं शेत आलं तेव्हा नातीनं मला विचारलं, 'आज्जी, तू रडते का हसते?' कणीक वाळून गेली होती, मी तिला पाणी आणायला पाठवलं.

साठीला तांबडा-पांढरा करा, चार माणसं बोलवा. सांगलीला फोन आजच कर. आणि आईनं त्या पाटल्या डब्यात ठेवून कुलूप लावलं का अजून उशाशी घेऊन झोपते, तेवढं बघून मला कळव.

– आक्का